भाषाविज्ञानाच्या जागा आणि न्यायाचे माप



जेथे कोणाही एका माणसाचा हेतू वाईट नाही, तेथे अन्याय झाला असे म्हणता येईल काय?

हा प्रश्न वरवर पाहता पुस्तकी वाटेल. परंतु तो आपल्या घराच्या उंबरठ्याशी येऊन उभा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांवर अन्याय करणारा माणूस त्यांना समोर दिसत होता. तो पाणवठ्यावर उभा होता, देवळाच्या पायरीवर उभा होता, वर्गाच्या दाराशी उभा होता. त्याला नाव होते, गाव होते. तो माणूस आज पूर्णपणे नाहीसा झाला आहे असे मुळीच नाही. परंतु आता पुष्कळ ठिकाणी बोट दाखवावे असा माणूसच सापडत नाही. सापडते ते एक कोष्टक, एक नियम, एक बेरीज-वजाबाकी. मग आपण गप्प बसतो. नियमच तसा आहे, त्याला कोण काय करणार, असे म्हणतो. या गप्प बसण्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी एक लहानसे उदाहरण घ्यायचे आहे. ते म्हणजे विद्यापीठांतील भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा.

आपल्यापैकी अनेकांना वाटेल की हा विषय आपला कसा? कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्याला, घरकाम करणाऱ्या बाईला या जागांशी काय करायचे आहे? मी स्वतः माझ्या घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात जाईपर्यंत या विषयाचे नावही माझ्या कानांवर आले नव्हते. म्हणून आधी विषय काय आहे ते सांगते.

भाषाविज्ञान, ज्याला काही ठिकाणी भाषाशास्त्र म्हणतात, ते व्याकरणाच्या चुका काढण्याचे शास्त्र नव्हे. माणसे प्रत्यक्षात कशी बोलतात, आवाज तोंडातून कसे उमटतात, शब्द कसे घडतात, एका पिढीची भाषा दुसऱ्या पिढीत कशी बदलते, याचा पुराव्यानिशी शोध घेणारे ते शास्त्र आहे. त्याची पहिली पायरी अशी की कोणतीही बोली जन्मतः शुद्ध नाही आणि कोणतीही जन्मतः अशुद्ध नाही. प्रत्येक बोलीला तिचे नियम असतात, आणि ती बोलणारा माणूस ते नियम पाळूनच बोलत असतो.

मी ज्या रबाळ्यात शिकवते त्या रबाळ्याचेच पाहा. एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्यामागे डोंगर. मूळ वस्ती आगरी लोकांची, त्यांची आगरी बोली. आसपास कातकरी कुटुंबे, त्यांची कातकरी. कारखान्यांच्या ओढीने आलेली मराठवाड्याची, विदर्भाची, खानदेशची, सोलापूरकडची माणसे. शिवाय भोजपुरी आणि कानडी बोलणारी घरे. एकाच वर्गात पाच-सहा तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एखादे मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणाले की बाकीची हसतात. ते मूल ओशाळते आणि पुढचे चार दिवस हात वर करीत नाही.

आता शास्त्र काय सांगते ते ऐका. ज्या महाराष्ट्री प्राकृतात ‘गाथासप्तशती’ रचली गेली, त्या भाषेत ‘न’च्या जागी सर्रास ‘ण’ येत असे. ते तिचे लक्षणच होते. अनेक बोलींत आज उलट झाले आहे, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. एका काळी ‘ण’कडे झुकणारी भाषा काव्याची मानली गेली, आज ‘न’कडे झुकणारी बोली अडाण्याची मानली जाते. आवाजात पुण्य नाही आणि पापही नाही. प्रतिष्ठा आवाजातून येत नाही, ती बोलणाऱ्याच्या समाजातल्या स्थानातून येते.

तथागतांना हे पुरते ठाऊक होते. मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात त्यांनी एका साध्या भांड्याचे उदाहरण दिले आहे. एकाच भांड्याला कोठे पाती म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, तर कोठे पोण. आपल्याकडचाच शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट भिक्खूने धरू नये, ज्या प्रदेशात जो शब्द चालतो तो तेथे वापरावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. भाषेवरून माणसाला हलका लेखू नये ही गोष्ट आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली गेली आहे.

मग कोणती बोली आणि कोणती भाषा, कोणता शब्द शब्दकोशात घ्यावा आणि कोणता गावंढळ म्हणून टाकावा, हे ठरवते कोण? ते ठरवतात विद्यापीठात त्या विषयाच्या खुर्चीवर बसलेली माणसे. ग्रियर्सन साहेबांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यांनी बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलींतून सांगवून घेतली आणि छापली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६०नंतरच्या काळात मराठीच्या बोलींची पाहणी केली. तीत ठाण्याकडची वारली आहे, महाडची कुणबी आहे. २०१३ साली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. ही सारी कामे मोलाची आहेत, त्यांविषयी मला आदरच आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. अशा पाहणीत शेतावरचा, डोंगरावरचा, वस्तीतला माणूस बोलून दाखवतो आणि दुसरा माणूस ते लिहून घेतो. बोलणाऱ्याच्या घरातली मुलगी वही हातात धरणारी झाली, तर तिला जे प्रश्न सुचतील ते बाहेरून आलेल्याला सुचतीलच असे नाही. ‘पानी’ म्हटल्याबद्दल जी हसण्यावारी नेली गेली, ती ‘पानी’चा अभ्यास वेगळ्या डोळ्यांनी करील. यात दयेचा प्रश्न नाही, ज्ञान पुरे होण्याचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. ज्या ग्रंथांनी त्यांच्या समाजाचे स्थान ठरवले होते, त्या ग्रंथांच्या भाषेचे दारच बंद केले गेले. तरीही ते पुढे त्या भाषेपर्यंत पोहोचले, आणि पालीचा त्यांनी एवढा अभ्यास केला की त्यांचा पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. म्हणजे आपला उद्धारकर्ता कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ तर होताच, तो कोशकारही होता. भाषेचे शास्त्र हा परक्यांचा विषय आहे असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता जागांकडे येऊ. महाराष्ट्रात भाषाविज्ञान शिकवणारे विभाग थोडे आहेत. मुंबई विद्यापीठाचा विभाग कालिन्याला आहे. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. त्याची मुळे १८२१ सालच्या हिंदू कॉलेजात आहेत. पेशवाईत ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई तिच्या निधीतून ते कॉलेज इंग्रजांनी सुरू केले. १९३९ साली ती संस्था पदव्युत्तर संशोधनासाठी नव्याने उघडली, आणि डॉ. सु. मं. कत्रे यांच्यासारख्यांनी तेथे भाषाविज्ञान रुजवले. वर्ध्याला महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे १९९७ सालापासूनचे केंद्रीय विद्यापीठ आहे, तेथेही भाषाविज्ञान शिकवतात. हे सारे विभाग रसायनशास्त्र किंवा वाणिज्य यांच्यासारखे मोठे नव्हेत. शिक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

लहान असणे हा काही दोष नव्हे. परंतु न्यायाचे माप जेव्हा अशा लहान विभागाला लावतात, तेव्हा काय होते ते पाहा. येथे थोडे गणित आहे. ते घरातल्या दहावीच्या मुलाला बरोबर घेऊन वाचावे.

नेमणुकीत कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला जाईल हे ज्या तक्त्यावरून ठरते त्याला बिंदुनामावली म्हणतात. केंद्रीय विद्यापीठांत पूर्वी सगळे विद्यापीठ एक धरून दोनशे बिंदूंची नामावली चाले. पंधरा टक्के म्हणजे दोनशेत तीस जागा अनुसूचित जातींच्या, साडेसात टक्के म्हणजे पंधरा जागा अनुसूचित जमातींच्या, सत्तावीस टक्के म्हणजे चोपन्न जागा इतर मागासवर्गीयांच्या. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की विद्यापीठ एक न धरता प्रत्येक विभाग वेगळा धरावा. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसा आदेश काढला. लहान विभागाला तेरा बिंदूंची नामावली लागू झाली. त्या नामावलीत पहिले तीन बिंदू खुले, चौथा इतर मागासवर्गाचा, सातवा अनुसूचित जातीचा, आणि अनुसूचित जमातीचा थेट चौदावा.

समजा एका विभागात प्राध्यापकाची एक, सहयोगी प्राध्यापकांच्या दोन आणि सहायक प्राध्यापकांच्या चार जागा आहेत. एकूण सात. परंतु प्रत्येक श्रेणी वेगळी मोजायची. एका जागेत सातवा बिंदू येत नाही, दोन जागांत येत नाही, चार जागांतही येत नाही. म्हणजे सात जागा भरल्या आणि अनुसूचित जातीच्या वाट्याला शून्य, जमातीच्या वाट्याला शून्य. आता असे तीस विभाग असलेले विद्यापीठ घ्या. जागा दोनशे दहा. पहिल्या भरतीत इतर मागासवर्गाला तीस, अनुसूचित जातीला शून्य, जमातीला शून्य. तेच दोनशे दहा जागांचे विद्यापीठ एक धरून श्रेणीवार मोजले, तर अनुसूचित जातीला सुमारे एकतीस जागा येतात आणि जमातीला सुमारे पंधरा.

कोणी म्हणेल, जागा रिकाम्या होतील तशी नामावली पुढे सरकेल की! खरे आहे. चार जागांच्या श्रेणीत तिसरा माणूस जागा सोडील तेव्हा सातवा बिंदू येईल. दोन जागांच्या श्रेणीत पाच जणांनी जागा सोडावी लागेल. केंद्रीय विद्यापीठात शिक्षक पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. आज जन्मलेल्या मुलीने तेवढी वाट पाहावी काय? आणि श्रेणीत एकच जागा असेल तर तिला आरक्षण लागूच होत नाही, कारण एकातली एक राखीव ठेवली तर ते शंभर टक्के होते. तसा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात १९९८ साली दिला आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. भगवंतांनी आपल्याला ऐकून, तपासून, मग मानायला शिकवले आहे. त्या बाजूचे म्हणणे असे की विद्यापीठ एक धरले तर एखाद्या विभागात साऱ्याच जागा राखीव येतील आणि दुसऱ्यात एकही येणार नाही. भाषाविज्ञानाचा शिक्षक रसायनशास्त्राच्या जागेवर जात नाही, तेव्हा दोघांना एका माळेत का ओवावे? हे म्हणणे खोटे नाही. त्यात तर्क आहे, आणि ते मांडणारा प्रत्येकजण आपला द्वेष करतो असे मानण्याचे कारण नाही.

परंतु दोन्ही दोष एका तराजूत घालून पाहा. एखाद्या विभागात सगळ्या जागा राखीव आल्या, तर तो दोष डोळ्यांना दिसतो. त्यावर ओरड होते, अर्ज होतात, पुढच्या वेळी सुधारणा करता येते. पण तीसही विभागांत शून्य आले, तर तो दोष कोणत्याच एका विभागात दिसत नाही. भाषाविज्ञानाचा विभागप्रमुख म्हणतो, माझ्याकडे जागाच चार, सातवा बिंदू कोठून आणू? इतिहासाचा प्रमुख तेच म्हणतो, भूगोलाचाही तेच. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे आणि तिसांच्या खऱ्या बोलण्याची बेरीज अन्याय आहे. हा अन्याय बघायचा तर एका खोलीतून बघून चालत नाही, सगळी इमारत एकदम बघावी लागते.

येथे आपण पहिल्या प्रश्नाशी येतो. ज्या अन्यायामागे कोणा एकाचा हेतू नाही, तो अन्याय आहे काय?

कोणी धम्म शिकलेला माणूस म्हणेल, भगवंतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. हेतू नसेल तर अकुशल कर्म कसे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की चेतना हे माणसाला तोलण्याचे माप आहे, व्यवस्थेला तोलण्याचे नव्हे. त्या विभागप्रमुखाला मी पापी म्हणणार नाही. पण ज्या तक्त्याने त्याचे हात बांधले, तो तक्ता चांगला की वाईट हे त्याच्या मनावरून ठरत नाही, तक्त्याच्या परिणामावरून ठरते. बाबासाहेबांनी ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ सालच्या निबंधात हाच भेद केला होता. जात पाळणारी माणसे क्रूर आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती श्रद्धेने शास्त्र पाळतात, म्हणून प्रहार माणसावर न करता शास्त्रावर करायला हवा, असे त्यांनी मांडले. तेरा बिंदूंचा तक्ता हे काही धर्मशास्त्र नव्हे. परंतु तक्त्यात लिहिले आहे म्हणून ते पाळायचेच आणि त्यापुढे विचार करायचा नाही, ही वृत्ती जुनीच आहे.

विनयपिटकातली उपालीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही ती घेतली आहे. अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य राजपुत्र संघात प्रवेश घ्यायला निघाले, त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. संघात ज्येष्ठता ठरते ती प्रव्रज्येच्या क्रमावरून. जो आधी आला त्याला नंतर आलेल्याने वंदन करायचे. राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली की आमच्या आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्य असल्याचा अभिमान गळून पडेल. भगवंतांनी तसे केले.

ही कथा आपण समतेची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यातली एक गोष्ट नीट पाहा. त्या राजपुत्रांचा हेतू वाईट नव्हता. हेतू चांगला असणे पुरेसे असते, तर त्यांनी म्हटले असते की आमच्या मनात उपालीविषयी भेद नाही, मग क्रम कोणताही असो. तसे ते म्हणाले नाहीत. त्यांना कळले होते की मनात भेद नसला तरी क्रम जर जुनाच राहिला, तर जुने जग संघातही चालू राहील. म्हणून त्यांनी क्रम बदलून मागितला. त्यांच्याजवळ बिंदुनामावली नव्हती, पण पहिला बिंदू कोणाचा हा प्रश्न त्यांनी स्वतःहून सोडवला. पुढे काय झाले? भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा विनयाविषयीचे प्रश्न विचारले गेले ते उपालीला. जो न्हावी होता तो संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार ठरला. त्याला पहिली जागा मिळाल्याने संघाची गुणवत्ता घसरली नाही. उलट ती जागा मिळाली नसती, तर संघाला आपला विनयधर मिळाला असता की नाही कोणास ठाऊक.

आणखी एक पायरी आहे. नियमाचा परिणाम कोणाला ठाऊक नव्हता, तोवर त्याला हेतू नव्हता असे म्हणता येते. पण परिणाम दाखवून दिल्यावर, आकडे मांडून दिल्यावरही जो तो नियम तसाच चालवतो, त्याच्यापाशी हेतू तयार होतो. जाणून चालू ठेवणे हीच चेतना. म्हणून अन्याय दाखवून देणे हे सत्कृत्य आहे. त्याने दुसऱ्याला जागे होण्याची संधी मिळते. २०१९च्या आरंभी हेच घडले. २२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने विभागवार मोजणीविरुद्धची अपिले फेटाळली. देशभर शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, ५ मार्चला बंद पाळला गेला, आणि ७ मार्चला केंद्र सरकारने अध्यादेश काढला. त्याच वर्षी जुलैत संसदेने केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा कायदा केला. त्याने संपूर्ण संस्था हेच मोजणीचे एकक ठरवले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या काही संस्था आणि अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या आहेत, ही उणीव नोंदवली पाहिजे. हा कायदा केंद्रीय संस्थांचा आहे, राज्याच्या विद्यापीठांचे नियम राज्य ठरवते, हेही ध्यानात ठेवावे. तरीपण एका गणिताच्या चुकीसाठी लोक उठले आणि कायदा बदलला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु माप सुधारले म्हणून माल मिळालाच असे होत नाही. जागा राखीव निघते, मुलाखती होतात, आणि शेवटी शेरा येतो की योग्य उमेदवार मिळाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत गुणांची मोजणी मुलाखतीला बोलावण्यापुरती ठेवली आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. अशा वेळी तो शेरा तपासायचा कशाने? राखीव जागा न भरल्यास ती खुली करण्याची वाट सुचवणारा एक मसुदाही आयोगाने पुढे आणला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यावर गदारोळ उठला, तेव्हा शिक्षण मंत्रालयाला सांगावे लागले की अशी कोणतीही राखीव जागा खुली केली जाणार नाही. या दोन गोष्टींवरून एवढे कळते की या दारावर पहारा सोडून चालणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू, कारण दुसऱ्याचा तक्ता तपासणाऱ्याने आपलाही तपासावा. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी बी.ए.नंतर भाषाविज्ञानात एम.ए. करू म्हणते. तिचे वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार. त्यांनी मला विचारले, “बाई, यात नोकरी आहे का?” प्रश्न योग्य आहे. ज्याच्या घरात महिन्याची मिळकत महिन्यात संपते, त्याने हाच प्रश्न आधी विचारावा. समाजाच्या भल्यासाठी मुलीला पाठव, असे त्या बापाला सांगण्याचा मला अधिकार नाही. मूल हे समाजाचे हत्यार नव्हे. त्याचे आयुष्य त्याचे आहे.

म्हणून मी त्यांना खरे तेच सांगितले. कायम जागा थोड्या आहेत. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर राबणारे पुष्कळ आहेत, त्यांना तासावर पैसे मिळतात आणि सुट्टीत तेही नाहीत. सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट लागते. जुलै २०२३ पासून विद्यापीठातही या जागेला पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. त्यातच कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.चा खर्च घरावर पडत नाही. पुण्याची बार्टीही आपल्या मुलांना संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. संगणकाला आपल्या भाषा शिकवण्याच्या कामातही भाषा जाणणारी माणसे लागतात. दारे उघडत आहेत, पण त्यांतून आत कोण जाईल हे ठरलेले नाही. एवढे सांगून मी म्हटले, दोन वर्षे तिला द्या, सोबत दुसरी एक वाट हाताशी ठेवायला सांगा, आणि निर्णय तिला घेऊ द्या.

मात्र ज्या घरात पैशाची अडचण नाही, तेथेही “असले विषय आपल्यासाठी नाहीत” हे वाक्य ऐकू येते. ते मला सलते. डॉक्टर, इंजिनिअर, बँक, पोलीस, यांच्यापलीकडे आपण आपल्या मुलांची यादीच संपवतो. विद्यापीठाच्या तेरा बिंदूंत आपला बिंदू येत नव्हता, तो लढून आणला. पण आपल्या मनाच्या नामावलीत काही विषयांपुढे आपण स्वतःच शून्य लिहून ठेवले आहे. ते खोडायला कायदा लागत नाही.

शेवटी काही उपयोगाच्या गोष्टी. प्राध्यापकांच्या जागांची जाहिरात आली की ती पदांची संख्या पाहून खाली ठेवू नका. कोणत्या श्रेणीत किती जागा, त्यांत अनुसूचित जातीच्या किती, त्यांत मागचा अनुशेष किती, हे वहीत लिहा. मागच्या जाहिरातीतली राखीव जागा भरली की कोरी राहिली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. केंद्रीय संस्थेचा अर्ज असेल तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे, तेव्हा धम्म स्वीकारल्याने केंद्राच्या सवलती जातात या अफवेवर विश्वास ठेवू नका. उमेदवार अनुसूचित जातीचा असेल, तर निवड समितीत मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला अशा ठरवून दिलेल्या घटकांपैकी कोणी तरी तज्ज्ञ असावा असा नियम आहे. तो पाळला गेला का, हेही विचारता येते. आणि हे सारे रागाने नव्हे, शांतपणे, कागद हातात घेऊन करा. आपल्याला कोणाला शत्रू ठरवायचे नाही. माप कोणी, कोठून, कशाचे घेतले एवढेच बघायचे आहे.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर पोरे अंगणात खेळत असतात. त्या वेळी एखाद्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला अशी जाहिरात मोठ्याने वाचायला लावा. न समजलेले शब्द विचारा. ज्या समाजाने हिशेब वाचायला शिकला, त्याचा वाटा गुपचूप शून्य करणे कोणालाही सोपे जात नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.